बाबांच्या कॅसेट टाकून देऊ का, आणि फोनवर तेच गाणं तसं का वाटत नाही?

प्रश्न असा आहे की घर बदलायचंय, वडिलांच्या दोन ट्रंका आहेत, त्यात कॅसेट, थोड्या एलपी, चार-पाच स्पूल (म्हणजे उघड्या चकतीवर गुंडाळलेल्या टेपा) आणि आजोबांच्या वेळच्या काही 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकड्या, नवीन फ्लॅटमध्ये जागा नाही आणि सगळं तर आता फोनवर मिळतं, मग हे ठेवायचं कशाला. आणि त्यालाच जोडून दुसरा, की बाबांना त्यांच्या आवडीचा राग फोनवर लावून दिला की पाच मिनिटांत "बंद कर ते" म्हणतात, तर हा फरक खरा आहे की नुसता वयाचा हट्ट. मी पुण्यात रेकॉर्डिंगचं आणि जुन्या टेपा डिजिटल करून द्यायचं काम करतो, आयुष्य त्यातच गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेतो. हट्ट नाहीये तो. बाबा जे सांगतायत ते मोजून दाखवता येतं. बघा, पुरुष गायक बऱ्याचदा काळी एक, काळी दोनच्या आसपास गातो, म्हणजे हार्मोनियमची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी हा त्याचा सा. काळी एकचा षड्ज म्हणजे साधारण 139 हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे 69-70 हर्ट्झ, आणि डग्ग्याची घुमक पण तिथेच कुठेतरी. फोनचा स्पीकर असतो नखाएवढा, तो तीन-चारशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे गायकाचा सा, तंबोऱ्याचा खर्ज, डग्गा, सगळं गेलं. आपला मेंदू हुशार असतो, वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या त्याच्या पटीतल्या सुरांवरून, खालचा सूर ओळखून घेतो म्हणून गाणं "कळतं", पण त्यात अंग नसतं. आता यात वय मिळवा. सत्तरीच्या पुढच्या माणसाला बहुतेक वेळा सात-आठ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकूच येत नाही. म्हणजे वरून कान कापतो, खालून फोन कापतो, आणि मधे उरतो तो सगळा टोचणारा पट्टा. पाच मिनिटं ऐकलं हेच खूप झालं.

याच माणसाने तरुणपणी कशावर ऐकलंय ते आठवा. मर्फी नाहीतर फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ, लाकडी खोकं, त्यात सहा-आठ इंची स्पीकर. त्याला वरचं फार नव्हतं, खरखर होती, शॉर्टवेव्हला आवाज लाटेसारखा आत-बाहेर व्हायचा, पण खालचा आणि मधला भाग भरलेला असायचा, आणि माणसाचा आवाज तिथेच राहतो. त्यामुळे "जुना आवाज गोड होता" असं म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा ते नुसत्या आठवणीत रमलेले नसतात, निदान आवाजाच्या खालच्या अर्ध्या भागाबद्दल ते शंभर टक्के बरोबर असतात.

म्हणून 320 (केबीपीएसची दाबलेली फाइल) की लॉसलेस (काहीही न गाळलेली फाइल) या वादात बाबांसाठी तरी अजिबात पडू नका. ॲपल म्युझिकने 2021 मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस दिलं तेव्हापासून मला सारखं विचारतात की घेऊ का. तुमच्यासाठी चांगले वायरवाले हेडफोन असतील तर घ्या, चांगलीच गोष्ट आहे. पण लॉसलेस गाणं ब्लूटूथच्या छोट्या स्पीकरवर पाठवलं की वाटेत ते परत दाबलं जातं, कारण बहुतेक ठिकाणी एसबीसी नाहीतर एएसी या आवाज दाबायच्या पद्धती वापरूनच ते हवेतून जातं, मग लॉसलेसचा फायदा राहिला कुठे. त्यापेक्षा पाच-साडेपाच इंची वूफर असलेली दोन स्पीकरांची जोडी घ्या, वायरने जोडा, बाबांच्या खुर्चीपासून दीड-दोन मीटरवर, कानाच्या उंचीला ठेवा, भिंतीला चिकटवू नका. याच पैशात होणारा सगळ्यात मोठा बदल हा आहे. फोनवरचं तेच गाणं, तीच फाइल, त्यावर लावा आणि बाबा किती वेळ बसतात ते बघा.

पण एवढ्याने भागत नाही, कारण बऱ्याचदा नेटवरची फाइलच बिघडलेली असते.

हे कसं होतं ते सांगतो. कुणीतरी प्रेमापोटी घरची कॅसेट एमपी3 केली, तीही 2004-05 च्या सुमाराची, 128 केबीपीएसवर, म्हणजे बरीच दाबून, कारण तेव्हा जागा महाग होती. ती फाइल कुणीतरी युट्युबवर टाकली, तिथे ती पुन्हा दाबली गेली, मग कुणीतरी तिथून उतरवून पुन्हा चढवली. प्रत्येक वेळी आधी जातो तो तंबोऱ्याचा जवारीचा झंकार, मग गायकाचा श्वास, मग झांजेसारख्या किंवा टाळासारख्या गोष्टी पाण्यातून आल्यासारख्या ऐकू येतात. आणि त्याहून वाईट म्हणजे "क्लीन" केलेलं. आवाज साफ करायची जी सॉफ्टवेअरं असतात ती साधारण असं धरून चालतात की जे सतत, एकसारखं चालू आहे ते नॉइज. आता आपल्या गाण्यात सतत, एकसारखं काय चालू असतं? तंबोरा. त्यामुळे नवशिक्या माणसाने नॉइज रिडक्शनचं बटण पूर्ण फिरवलं की टेपच्या फसफसीबरोबर तंबोरापण पुसला जातो आणि गायक एकटाच अधांतरी गातोय असं वाटतं. मला विचाराल तर फसफस परवडली. कान दोन मिनिटांत तिची सवय करून घेतो, पण तंबोरा नसलेल्या गाण्याची सवय कानाला कधी होत नाही.

आणि हेच सध्या ऑनलाइन क्लासमध्ये होतंय. अमेरिकेत, दुबईत, सिंगापुरात राहणारी आपली किती मुलं पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे झूमवर शिकतात, आणि पालक सांगतात की बाईंचा तंबोरा मधेच येतो मधेच जातो. नेटचा दोष नसतो तो बहुतेक वेळा. कॉलच्या ॲपला वाटतं पंखा चालू आहे, ते तंबोरा दाबून टाकतं. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" असा पर्याय आहे, तो दोन्ही बाजूंनी चालू करा, आणि तंबोऱ्याचं ॲप शिष्याने आपल्याच खोलीत लावावं. एकत्र गाण्याचा आग्रह धरू नका, आवाज तिकडे पोचून परत येईपर्यंत जो वेळ जातो त्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निसटतेच. असो, मूळ मुद्द्याकडे येतो.

तिसरी गडबड पट्टीची. वेगात साधारण 6 टक्क्यांचा फरक पडला की सूर अख्खा अर्धा स्वर सरकतो, काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो, आवाज बारीक होतो, तान उगाचच चपळ वाटते. नेटवरच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हे फार आहे. सुरुवातीच्या काळात "78 ची" म्हटलेली प्रत्येक तबकडी नेमकी 78 वर रेकॉर्ड झालेली नसायचीच, थोडं कमी-जास्त असायचं. कॅसेटचं वेगळं, मैफलीत कुणी बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला असेल तर बॅटरी उतरत जाते, मोटर हळू होत जाते, आणि नंतर नीट मशीनवर लावलं की गायकाचा सूर बड्या ख्यालापासून (सुरुवातीचा संथ भाग) द्रुतपर्यंत (शेवटचा जलद भाग) हळूहळू चढत जातो. ज्यांनी त्या गायकाला समोर बसून ऐकलंय त्यांना हे लगेच खुपतं, काय खुपतंय ते सांगता येत नाही इतकंच. तुमच्या बाबांच्या "बंद कर" मध्ये हेही असू शकतं बरं का, एकदा तपासून बघा.

आता बसण्याबद्दल. मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आवाज सुधारता येतो पण किती वेळ ऐकायचं हे दर वेळी यंत्राने ठरवलंय, आपण नाही.

1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा माणूस, गाइसबर्ग, कलकत्त्याला आला आणि गौहरजानला रेकॉर्ड केलं, तेव्हा तबकडीवर मावायची सुमारे तीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या माणसाला सांगायचं की तीन मिनिटांत आटप, आणि तेही एका कर्ण्यात तोंड घालून, कारण मायक्रोफोनने रेकॉर्डिंग व्हायला 1925 नंतर सुरुवात झाली. पण त्या लोकांनी त्यातून एक वेगळीच कला उभी केली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, सगळे त्या तीन-साडेतीन मिनिटांत पूर्ण ऐवज देतात, एक जागा फुकट नाही. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची जी भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली ती पण साडेतीन मिनिटांचीच, मूळची 78 च्या तबकडीवरची. तरी हे लक्षात ठेवायला हवं की केसरबाईंना मैफलीत ऐकणाऱ्यांनी जे ऐकलं त्याचा तो फक्त एक कण आहे. माणसं तबकडी पुन्हा पुन्हा लावायची, चावी फिरवायची, पिन बदलायची, तीन मिनिटं ऐकायची, परत पहिल्यापासून. त्यामुळे त्या पिढीला जागा पाठ असायच्या, हरकत न हरकत.

रेडिओचं नेमकं उलट. तिथे परत लावता येत नाही. 1 एप्रिल 1955, रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर, एकूण 56 गाणी. आठवड्यातून एकदा वेळ चुकली की चुकली. घरात रेडिओ नसलेले शेजारी येऊन बसायचे, हे माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांकडून ऐकलंय. आणि त्याच काळात केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी मागे पडली, तर लोक सरळ रेडिओ सिलोन लावायला लागले, अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथलीच, मग 1957 मध्ये विविध भारती आली. कुणी काय ऐकावं हे वरून ठरवायचा प्रयत्न झाला की ऐकणारा सुई फिरवतो, ही गोष्ट आजच्या ॲपवाल्यांनीही लक्षात ठेवावी अशी आहे.

एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध एलपी, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, तिने किती जणांना विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, ऐकायला शिकवलं याला गणती नाही. उठून बाजू उलटायची, मधे एक शांतता, कव्हरच्या मागे तबल्यावर कोण सारंगीवर कोण हे वाचायचं. मग कॅसेट. फिलिप्सने ती काढली 1963 मध्ये, आपल्याकडे खऱ्या अर्थाने घरोघर पोचली सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीत, आखातातून कुणीतरी टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) आणायचा तेव्हा. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याला स्वतः रेकॉर्ड करता यायला लागलं. माझ्या मते ऐकण्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच, स्ट्रीमिंग नाही. भजनी मंडळ, लोकनाट्य, गावचं कीर्तन, घरची बैठक, सगळं पहिल्यांदाच साठवलं गेलं, आणि एचएमव्हीसारख्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात न जाता. पुण्यात अलूरकर म्यूझिक हाऊसने प्रत्यक्ष मैफलींच्या कॅसेट काढल्या त्या घेऊन लोक परदेशात गेले, मी स्वतः त्यातल्या कितीतरी परत डिजिटल करून दिल्यात.

सीडी, एमपी3, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं, हे सगळं भराभर झालं. मेमरी कार्डाचा काळ विसरू नका मात्र, खेड्यापाड्यात ज्यांच्याकडे कधी तबकडी नव्हती, एलपी नव्हती, त्यांच्या खिशात पहिल्यांदा हजारभर गाणी आली, आणि भरून देणारा पोरगा कुठल्याही ॲपपेक्षा चांगला ओळखायचा की या माणसाला काय आवडेल. त्यानंतर 2016 मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि साठवायची गरजच संपली असं वाटलं.

आणि इथे पुन्हा यंत्राने वेळ ठरवली. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते एक ऐकणं म्हणून मोजतात, आणि तीन मिनिटांचं गाणं असो की चाळीस मिनिटांचा ख्याल, मोजणी एकच. मग गाणी कशी बनतात तर मुखडा पहिल्या दहा सेकंदांत, सुरावटीचा तुकडा आखूड, कडवी कमी. आपल्या गाण्यात पहिली 30 सेकंदं तर तंबोरा स्थिर होण्यात जातात! मग एकच राग तीन-चार ट्रॅकमध्ये कापून ठेवलेला दिसतो, बडा ख्याल वेगळा, छोटा वेगळा, आणि शफल चालू असेल तर द्रुत आधी वाजतं, नाहीतर विलंबित संपलं की ॲप आपल्या मनाने तिसऱ्याच कुणाचं भजन लावतं. ज्या माणसाने पंचेचाळीस मिनिटं एका बैठकीत ऐकायची सवय लावली त्याला हे म्हणजे बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं. वर कलाकार म्हणून एकच नाव, तबलजी नाही, हार्मोनियमवाला नाही, कुठे कधी गायलं ते नाही. एलपीच्या मागे जे छापलेलं असायचं ते इतक्या प्रगत काळात गायब होतं याचा मला खरंच राग येतो.

पण म्हणून हा काळ वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. उलट इतिहासात पहिल्यांदा असं झालंय की दीड तासाचा राग न कापता, बाजू न उलटता, सलग वाजू शकतो. ही सोय अब्दुल करीम खाँना मिळाली नाही. सवाई गंधर्व महोत्सव 1953 ला सुरू झाला तेव्हापासून कितीतरी वर्षं रात्रभर चालायचा, पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदचे नियम आले आणि उत्तररात्रीचे राग मैफलींतून जवळजवळ हद्दपार झाले. आज कुणाला रात्री दोन वाजता अडाणा किंवा पहाटे भटियार ऐकायचा असेल तर तो हेडफोनवरच. यंत्राने जेवढं नेलं तेवढंच एका वेगळ्या दाराने परत दिलंय, फक्त ते दार आपण उघडायला हवं, ॲप उघडून देणार नाही.

बाबांसाठी एवढं करा. फोनमध्ये शफल बंद, ऑटोप्ले बंद, क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यात मिसळणं) असेल तर तोही बंद, गॅपलेस (दोन ट्रॅकमधे खंड न पडणं) चालू. जाहिराती नसलेलं सबस्क्रिप्शन घ्या, विलंबितच्या मधे साबणाची जाहिरात आली की संपलं सगळं. रोज एक पूर्ण राग, एकाच गायकाचा, आधीच निवडून डाउनलोड करून ठेवा. आणि फोन त्यांच्या हातात देण्यापेक्षा एक खरं बटण द्या, गोल फिरणारं, चालू-बंद आणि आवाज एवढंच करणारं. सारेगामाचा कारवां 2017 मध्ये आला, त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली, आणि तो इतका का चालला असं विचाराल तर गाण्यांपेक्षा त्या बटणांमुळे, असं माझं मत. सिनेमाची गाणी, भावगीतं यासाठी तो उत्तम आहे. लांब रागांसाठी मात्र वर सांगितलेले स्पीकर आणि एक साधा ॲम्प. आवाज फार मोठा करत असतील तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तुम्ही स्वतः हेडफोनवर ऐकत असाल तर हे लक्षात ठेवा की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, पण 90 ला फक्त 4. लोकलमध्ये गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो तेव्हा 90 कधी होतात कळत नाही.

आता ट्रंका. सगळ्या टाकू नका आणि सगळ्या ठेवूही नका. छापील कव्हरच्या सिनेमाच्या कॅसेट, ज्या लाखांनी खपल्या, त्या नेटवर मास्टरवरून (कंपनीच्या मूळ टेपवरून) आलेल्या, चांगल्या मिळतात, त्या निःशंक देऊन टाका. छापील पण छोट्या कंपन्यांच्या, शास्त्रीय, नाट्यसंगीत, कीर्तन, लोकसंगीत, अशा आधी शोधून बघा, न मिळणाऱ्या बाजूला काढा. आणि ज्यांच्यावर पेनाने लिहिलंय, किंवा काहीच लिहिलेलं नाही, त्यातली एकही टाकू नका. घरच्या बैठका, गणपतीतलं गाणं, रेडिओवरून उतरवलेलं, कुणाच्या लग्नात गायलेल्या मंगळाष्टका, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, हे जगात फक्त तुमच्या ट्रंकेत आहे. "सगळं फोनवर मिळतं" हे यांना लागू होत नाही, आणि रेडिओवर वाजलेलं सगळंच कुठे ना कुठे जपलेलं असेल असं समजू नका.

आणि बाबा आहेत तोवर हे करा, मी हात जोडून सांगतो. एक-एक कॅसेट त्यांच्या हातात द्या, लेबल वाचून दाखवा, आणि फोनचा रेकॉर्डर चालू ठेवून विचारा की हे कुणाचं, कुठे झालं, साथीला कोण होतं, माइक कुणी धरला होता. आवाज दहा वर्षांनी पण काढता येईल कदाचित, पण "अरे हा तबल्यावर आपला देशपांड्यांचा जावई" हे सांगणारं माणूस नसेल. मी किती टेपा अशा केल्यात ज्यात गाणं अप्रतिम आहे आणि गाणारा कोण ते कुणालाच माहीत नाही.

डिजिटल करताना: वर्षानुवर्षं न वाजवलेली कॅसेट मशीनमध्ये टाकून लगेच प्ले करू नका. आधी टॉर्च मारून बघा, टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, मुंबई-कोकणातल्या कॅसेटवर हमखास असते, ती वाजवलीत तर हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागेल. मधला स्पंजचा छोटा पॅड पडलाय का बघा, पडला असेल तर आवाज दबलेला येईल आणि तुम्हाला वाटेल टेप मेली. पॅड बदलता येतो, किंवा टेप दुसऱ्या चांगल्या खोक्यात घालता येते, स्क्रूवाली असेल तर सोपं. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या म्हणजे ताण सारखा होतो. हेड आणि रबरी रोलर साफ. आणि अझिमथ, म्हणजे हेडचा तिरपेपणा, हा प्रत्येक कॅसेटला वेगळा लागतो कारण ती ज्या मशीनवर रेकॉर्ड झाली त्याचं हेड जसं तिरकं होतं तसा आवाज टेपवर बसलेला असतो. छोटा स्क्रू असतो, आवाज सगळ्यात उघडा येईपर्यंत तो हळूच फिरवायचा. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही, आणि यूएसबीच्या स्वस्त कॅसेट प्लेअरवर हे नीट करायची सोय बहुधा नसते म्हणून ते घेऊ नका, जुना चांगला डेक दुरुस्त करून घ्या.

रेकॉर्ड करताना वेव्ह फाइल, 24 बिट, 48 किंवा 96 किलोहर्ट्झ. 96 वर नव्वद मिनिटांची स्टिरिओ कॅसेट साधारण 3 जीबी घेते, 48 वर त्याच्या निम्मी, घरच्या कॅसेटला 48 पुरतं. ऑडॅसिटी फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. ती मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, फसफस, खरखर सगळ्यासकट; साफसफाई करायची ती कॉपीवर, आणि थोडीच. पट्टी तपासायला एक युक्ती सांगतो, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, गुणगुणाट बऱ्याचदा आलेला असतो, आपल्याकडे तो 50 हर्ट्झचा, तर फाइलमध्ये तो 52 वर दिसला की समजायचं टेप 4 टक्के जोरात पळतीये, तेवढी हळू करायची. गुणगुणाट नसेल तर हार्मोनियम असेल तिथे ती धरा, आणि तीही नसेल तर बाबांना विचारा की हा गायक कुठल्या पट्टीत गायचा. शेवटी फ्लॅकमध्ये (आवाज न गाळता लहान होणारी फाइल) बदला, नाव, राग, साथीदार, जागा, वर्ष सगळं फाइलमध्येच भरा, आणि दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी बहिणीकडे वगैरे.

तबकड्यांचं एक महत्त्वाचं, कारण इथे लोक नुकसान करून बसतात. 78 च्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल लावू नका, लाख विरघळते आणि आवाज कायमचा जातो. पाण्यात बेबी शाम्पूचा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून, लगेच पुसून उभी वाळवायची. आणि त्या एलपीच्या पिनवर वाजवू नका, खोबण तिप्पट रुंद असते, वेगळी पिन लागते; एलपीची पिन तळाशी जाऊन नुसती घाण वाचते. स्पूल मात्र घरी लावायच्या फंदात पडू नका. काही टेपांचा लेप दमट हवेने चिकट झालेला असतो, तो मशीनवर खरवडून निघतो आणि ती एकदाच वाजते. आधी डबा उघडून वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट आला तर ती टेप बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि सगळ्यात आधी तीच जाणकाराकडे न्या.